‘याला द्या, त्याला आणा’: बेसबॉलच्या हिवाळी वादांची पार्श्वभूमी

अमेरिकेत बेसबॉलचा शेवटचा सामना ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत होतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर फ्लोरिडा-ॲरिझोनात पुन्हा सराव सुरू होतो. मधले साडेतीन महिने मैदान रिकामे असते. तरी मुरलेल्या चाहत्याला विचारा, तो म्हणेल की सगळ्यात गजबजलेला काळ हाच. कोणाच्या बदल्यात कोण आणायचा, तिशी ओलांडलेल्या पिचरला (म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला) सहा वर्षांचा करार द्यायचा की नाही, घरचा लाडका खेळाडू जाऊ द्यायचा की राखायचा, यावर जेवणाच्या टेबलापासून रेडिओपर्यंत वाद झडतात. या काळाला ‘हॉट स्टोव्ह लीग’ असे जुने नाव आहे. हिवाळ्यात गावच्या दुकानातल्या लोखंडी शेगडीभोवती खुर्च्या ओढून माणसे बसत आणि आपल्या संघाचा पुढचा हंगाम तोंडीच खेळून टाकत, त्यावरून ते पडले. आपल्याकडे गावाला पार असतो, तशी ती शेगडी.

हे वाद नीट ऐकले तर त्यांची भाषा मालकाची आहे, हे लक्षात येते. ‘याला देऊन टाका’, ‘त्याच्यावर एवढे पैसे घालू नका’, ‘दोन पोरे देऊन एक मोठा आणा’. ही भाषा एके काळी शब्दशः खरी होती. ज्याच्याबद्दल ती बोलली जाई त्या खेळाडूला स्वतः काही बोलण्याचा हक्क मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

सुरुवात १८७९ ची. नॅशनल लीग या व्यावसायिक संघांच्या लीगमधल्या मालकांनी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये गुपचूप एक समझोता केला. प्रत्येक क्लबने आपले पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि बाकीच्या क्लबांनी त्यांना हात लावायचा नाही. पगार वाढू नयेत हा उघड हेतू होता. पाचाचे अकरा झाले, अकराचे चौदा, आणि पुढे सगळेच खेळाडू या ‘राखीव कलमा’खाली आले. करार एका वर्षाचा, पण पुढच्या वर्षी तो वाढवण्याचा हक्क फक्त क्लबकडे. खेळाडूला पगार पटला नाही तर त्याच्यापुढे एकच वाट उरे, ती म्हणजे खेळ सोडण्याची. १८८७ च्या फेब्रुवारीत शिकागोने आपला सर्वांत लोकप्रिय खेळाडू माइक ‘किंग’ केली बॉस्टनला दहा हजार डॉलरला विकला, तेव्हा शिकागोचे चाहते भडकले होते. त्याच वर्षी जॉन माँटगोमेरी वॉर्ड या कायदा शिकलेल्या खेळाडूने जाहीर लेख लिहून विचारले की बेसबॉलपटू म्हणजे मालमत्ता आहे काय. वॉर्ड आणि त्याच्या सोबत्यांनी १८९० मध्ये खेळाडूंची स्वतंत्र लीग काढली. ती एकच हंगाम टिकली.

१९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेवर शिक्कामोर्तब केले. बेसबॉलचे सामने हा राज्याराज्यांतला व्यापार नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही, असा एकमुखी निकाल न्यायमूर्ती होम्स यांनी दिला. संघ आगगाडीने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात, तिकिटे विकत, आणि तरी हा व्यापार नव्हता! पुढची पन्नास वर्षे प्रत्येक खेळाडू या निकालावर डोके आपटत राहिला.

चाहत्यांच्या वादांचे मूळपीठ म्हणावे असा व्यवहार त्या निकालाच्या थोडा आधीचा. १९१९ च्या नाताळानंतर बॉस्टन रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजना विकले. बातमी ५ जानेवारी १९२० ला फुटली. किंमत एक लाख डॉलर, शिवाय फेनवे पार्क मैदान तारण ठेवून यांकीजच्या मालकाकडून तीन लाखांच्या वरचे कर्ज. रूथने १९१९ च्या हंगामात २९ होमरन, म्हणजे मैदानाच्या कुंपणापार जाणारे फटके, मारले होते, तेव्हाचा तो विक्रम होता. पगार दुप्पट मागतो, शिस्त पाळत नाही, एकट्याने संघ चालत नाही, असे फ्रेझी सांगत होते आणि काही वर्तमानपत्रांनी त्यांचे म्हणणे उचलूनही धरले. नव्या शहरात रूथने पहिल्याच वर्षी ५४ होमरन मारले. १९१८ ला जिंकलेल्या बॉस्टनला पुढचे विजेतेपद २००४ मध्ये मिळाले. आज कुठल्याही शहरात कोणी म्हणाले की ‘त्याला सोडला तर पस्तावाल’, तर त्या वाक्यामागे रूथ उभा असतो.

तसाच दुसरा दाखला सिनसिनाटीचा. १९६५ च्या डिसेंबरमध्ये फ्रँक रॉबिन्सन ‘वयाच्या मानाने जुना झाला’ असे ठरवून त्यांनी त्याला बाल्टिमोरला दिला. तो तेव्हा तीस वर्षांचा होता. पुढच्याच हंगामात त्याने सरासरी, होमरन आणि धावा घडवणे या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक घेतला आणि बाल्टिमोरने जागतिक मालिका, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, एकही सामना न हरता जिंकली.

या सगळ्या कथांत चाहत्यांचे दुःख आहे, मालकांचा हिशेब आहे. खेळाडूची मर्जी कुठेच नाही. ती आणणारा माणूस कर्ट फ्लड. त्याच्यापाशी थांबल्याशिवाय ही पार्श्वभूमी पूर्ण होत नाही, आणि माझ्या मते बेसबॉलवर वाद घालणाऱ्या प्रत्येकाने त्याचे नाव आदराने घ्यावे.

फ्लड सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या खोल भागातला क्षेत्ररक्षक. बारा वर्षे त्या शहरात, दोन विजेतेपदे, क्षेत्ररक्षणाचे सात गोल्ड ग्लव्ह, वर्षाला नव्वद हजार डॉलर पगार. ऑक्टोबर १९६९ मध्ये एका सकाळी क्लबच्या कार्यालयातल्या मधल्या फळीतल्या माणसाचा फोन आला: तुला फिलाडेल्फियाला दिले आहे. बारा वर्षांची बोळवण एका फोनवर! फ्लड कृष्णवर्णीय होता. खालच्या लीगमध्ये दक्षिणेकडच्या गावांत खेळताना त्याने वेगळी राहण्याची जागा, वेगळे जेवण आणि प्रेक्षकांच्या शिव्या सोसल्या होत्या. आपल्याला वस्तूसारखे हलवले जाते म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

२४ डिसेंबर १९६९ ला त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून यांना पत्र लिहिले. ‘मोठ्या लीगमध्ये बारा वर्षे काढल्यानंतर, माझ्या इच्छेचा विचार न करता विकत घ्यावी आणि विकावी अशी मी एक मालमत्ता आहे, असे मला वाटत नाही,’ हे त्यातले मुख्य वाक्य. इतर क्लबांचे प्रस्तावही ऐकण्याचा हक्क त्याने मागितला. क्यून यांनी नकार दिला आणि फ्लड कोर्टात गेला. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेले, लढाया पाहिलेले गृहस्थ. त्यांनी त्याला आधीच स्पष्ट सांगितले होते: जिंकण्याची शक्यता जवळजवळ नाही, आणि कारकीर्द संपेल. फ्लडने विचारले, पुढच्या खेळाडूंना याचा उपयोग होईल का? मिलर हो म्हणाले, आणि त्याला तेवढे पुरेसे होते.

पैसे एवढे मिळत असताना गुलामगिरीची भाषा कशाला, असे त्याला दूरचित्रवाणीवर विचारले गेले. भरपूर पगाराचा गुलामही गुलामच असतो, असे त्याने उत्तर दिले. हे उत्तर अनेक चाहत्यांना झोंबले; शिव्याशापांची पत्रे त्याच्या घरी येऊ लागली. खटल्यात निवृत्त खेळाडू जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग साक्षीला उभे राहिले, पण तेव्हा खेळत असलेला एकही खेळाडू साक्ष द्यायला आला नाही. १९ जून १९७२ ला सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ असा हरला. १९२२ चा निकाल विसंगत आहे हे न्यायालयाने मान्य केले, पण तो बदलणे संसदेवर सोडले. तोवर फ्लडचा खेळ संपला होता. १९७० चा हंगाम त्याने घरी काढला, १९७१ मध्ये वॉशिंग्टनसाठी तेरा सामने खेळून तो थांबला. जानेवारी १९९७ मध्ये तो वारला. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मिळालेली सूट खेळाडूंच्या नोकरीपुरती काढून टाकणारा कायदा पुढच्या वर्षी झाला, त्याला त्याचे नाव दिले. हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-दालनात त्याला अजून जागा मिळालेली नाही. हे मला अन्यायाचे वाटते.

खटला हरला तरी दार किलकिले झाले होते. दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबात काढलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारता येईल, हा नियम १९७३ मध्ये आला. शिकागो कब्जच्या रॉन सँटोने तो त्याच डिसेंबरमध्ये पहिल्यांदा वापरला.

मग लवादाचे दोन निकाल झाले. १९७४ च्या डिसेंबरमध्ये ओकलंडच्या मालकाने आपला पिचर कॅटफिश हंटर याच्या करारातली एक रक्कम ठरल्याप्रमाणे भरली नाही, म्हणून लवाद पीटर साइट्झ यांनी त्याला मोकळा केला. पुढच्या दोन आठवड्यांत नॉर्थ कॅरोलायनातल्या अहोस्की नावाच्या छोट्या गावात क्लबांच्या प्रतिनिधींची रीघ लागली, आणि लाखभर डॉलर कमावणाऱ्या हंटरने वर्षाच्या शेवटच्या दिवशी यांकीजबरोबर तीस लाखांच्या वरचा पाच वर्षांचा करार केला. खेळाडूची खरी बाजारकिंमत जगाने तेव्हा प्रथम पाहिली.

दुसरा निकाल त्याहून मोठा. लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर अँडी मेसरस्मिथ १९७५ चा पूर्ण हंगाम सही न करता खेळला. आपल्या संमतीशिवाय अदलाबदल होणार नाही एवढे कलम त्याला करारात हवे होते. डेव्ह मॅकनॅली तर हंगामाच्या मध्यात खेळ सोडून माँटानाला घरी परतला होता, पण दाव्यावर नाव देण्यास तयार झाला. वाद एका शब्दाचा होता. क्लब करार ‘एक वर्ष’ वाढवू शकतो, असे कलम सांगे. मालक म्हणत, वाढवलेल्या करारात हे कलमही येते, म्हणून दर वर्षी पुन्हा एक वर्ष, असे अनंत काळ. साइट्झ यांनी २३ डिसेंबर १९७५ ला सांगितले की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी त्यांना लगेच काढून टाकले आणि कोर्टाची पायरी चढली. तिथेही ते हरले.

आजच्या हिवाळ्याचा साचा पुढच्या तडजोडीत, १९७६ मध्ये घडला. सगळे खेळाडू दर वर्षी मोकळे करा, अशी एका मालकाची सूचना होती. मिलर यांना तीच धास्ती होती, कारण बाजारात सगळेच आले तर भाव पडले असते. इतर मालकांना हे उमगले नाही. सहा वर्षांची सेवा झाल्यावर स्वातंत्र्य, असे ठरले. म्हणून दर हिवाळ्यात मोजकेच चांगले खेळाडू मोकळे होतात, त्यांच्यासाठी झुंबड उडते, आणि सहाव्या वर्षाजवळ आलेल्याला ‘आत्ताच विकून टाकावा का’ हा प्रश्न प्रत्येक शहरात उभा राहतो. सहा वर्षांची गाठ किती घट्ट आहे याचे उदाहरण क्रिस ब्रायंटचे. २०१५ मध्ये कब्जने त्याला एप्रिलच्या मध्यापर्यंत खालच्या लीगमध्ये ठेवले, त्याचे १७१ दिवस भरले, वर्ष मोजायला १७२ लागतात. एका दिवसासाठी त्याचे स्वातंत्र्य एक वर्ष लांबले.

आयपीएल पाहणाऱ्या मराठी वाचकाला यातला फरक चटकन कळेल. लिलावात खेळाडू आपली किमान किंमत सांगतो, पण संघ निवडू शकत नाही. जो सर्वांत मोठी बोली लावेल त्याच्याकडे जायचे. बेसबॉलचा मोकळा खेळाडू कमी पैसे देणारा क्लबही निवडू शकतो. चाहत्यांची जखम मात्र दोन्हीकडे सारखी. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईत आला, डिसेंबरमध्ये रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला आणि पुढच्या हंगामात वानखेडेवर स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. शिकागोत १८८७ मध्ये भडकलेली माणसे याच जातकुळीतली.

मालकांनी हार सहज मानली नाही. १९८५ ते १९८७ या हिवाळ्यांत त्यांनी संगनमत करून मोकळ्या खेळाडूंना प्रस्तावच दिले नाहीत. आंद्रे डॉसनने रकमेची जागा कोरी ठेवून कब्जपुढे करार ठेवला. क्लबने पाच लाख लिहिले आणि त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे उघडकीला आल्यावर १९९० मध्ये मालकांना २८ कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. १९९४ चा संप असा चिघळला की जागतिक मालिकाच रद्द झाली. पगारावर कमाल मर्यादा घालण्याची मालकांची मागणी तेव्हा टळली, पण नंतर ठरावीक रकमेवर खर्च करणाऱ्या क्लबला ‘लक्झरी टॅक्स’ आला. आजच्या वादांत खेळाडूच्या सरासरीइतकाच या कराचा उल्लेख होतो.

त्याच करापायी बॉस्टनने इतिहासाची आठवण करून दिली. रूथच्या बातमीला बरोबर शंभर वर्षे झाली त्या हिवाळ्यात, फेब्रुवारी २०२० मध्ये, त्यांनी मूकी बेट्सला डॉजर्सना दिले. बेट्स २०१८ चा सर्वोत्तम खेळाडू, त्याच वर्षीच्या विजेत्या संघाचा कणा, आणि मोकळा व्हायला एकच हंगाम बाकी. त्या वर्षीच डॉजर्स जिंकले. २०२४ आणि २०२५ मध्येही. बेट्स तिन्ही वेळा त्यांच्या संघात होता. बॉस्टनमध्ये या व्यवहाराचा हिशेब अजून मिटलेला नाही.

आणि शोहेई ओतानी. ८ डिसेंबर २०२३ ला टोरांटोचे चाहते कॅलिफोर्नियाहून निघालेल्या एका खासगी विमानाचा मार्ग तासन्‌तास पाहत बसले. विमानात ओतानी नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच जाहीर केले की आपण डॉजर्सकडे जात आहोत. दहा वर्षे, ७० कोटी डॉलर, त्यातले ६८ कोटी २०३४ पासून, बिनव्याजी. संघाला इतर खेळाडू घेता यावेत म्हणून पैसे लांबणीवर टाकण्याची कल्पना त्याचीच. वर्षभराने हुआन सोटोने न्यूयॉर्क मेट्सबरोबर १५ वर्षांचा, ७६ कोटी ५० लाखांचा करार केला. कुठे जायचे, किती दिवस राहायचे, पैसे कधी घ्यायचे, हे सारे खेळाडूने ठरवले. फ्लडने क्यून यांच्याकडे फक्त इतर क्लबांचे प्रस्ताव ऐकण्याची परवानगी मागितली होती.

सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. अमेरिकेतल्या चार मोठ्या लीगांपैकी पगाराची कमाल मर्यादा नसलेली बेसबॉल ही एकच, आणि ती असावी की नसावी हा वाद मालक, संघटना आणि शेगडीभोवतीची माणसे या तिघांतही पुन्हा पेटला आहे.