नाव नको, घर शोधा: गोव्यात जुन्या पत्त्यावरून घराण्याचा माग कसा काढायचा

"आमच्या पणजोबांचे नाव शंकर, त्यांची जन्मनोंद हवी होती." सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत हे वाक्य अनेकांनी म्हटले असेल. समोरून प्रश्न येतो, "गाव कुठला? वाडा?" आणि तिथेच गाडी अडते. कारण आपण नाव घेऊन गेलेलो असतो, पत्ता नाही.

पोर्तुगीज काळातल्या वह्यांत नावावर फारसे विसंबता येत नाही. रोमी लिपीत श हे अक्षर एक्सने लिहीत, म्हणून शंकर सापडायचा तर एक्सखाली. क कुठे सीने, कुठे क्यूने. शेणवी झाला 'सिनाय', प्रभू झाला 'पोरोबो', भट झाला 'बोतो'. त्यात एकाच घरातला एक भाऊ गावावरून आडनाव लावी, दुसरा जुनेच चालवी. लग्नानंतर बाईचे माहेरचे नावच बदलत असे, म्हणजे पणजीची जन्मनोंद तुम्हाला ठाऊक असलेल्या नावाने मिळणारच नाही. घर मात्र सहसा जागचे हलत नाही. म्हणून आधी घर पक्के करा.

त्याची सुरुवात कचेरीत नव्हे, माळ्यावरच्या पेटीत. घरपट्टीची पावती, जुने रेशनकार्ड, भाटकाराने (जमीनमालकाने) दिलेली पावती, देवस्थानाची पत्रे यांतले काहीही चालेल. पंचायतींनी घरक्रमांक पुन्हा पुन्हा बदलले आहेत, तेव्हा पावतीवर जुना आणि नवा असे दोन्ही आकडे असतील तर ती पावती जपून ठेवा. जुन्या मतदारयादीतही घरक्रमांकासह कुटुंब एकत्र दिसते. गोव्यातली पहिली विधानसभा निवडणूक १९६३ साली झाली, त्यामुळे या याद्या त्याच्या फारशा मागे जात नाहीत.

जन्म, लग्न, मृत्यू

गोव्यात सर्वांसाठी नागरी नोंदणी १९१४ पासून सुरू झाली. तालुक्याच्या नागरी निबंधक तथा उपनिबंधक कार्यालयात अर्ज करायचा. जुन्या वह्या तिथे नसतील, तर त्या पणजी शहरातल्या पुराभिलेख खात्याकडे गेल्या आहेत का, हे तिथेच विचारा. अर्जात नाव (सुचतील तेवढ्या स्पेलिंगसह), आईवडिलांची नावे, गाव, वाडा आणि अंदाजे साल लिहा. जन्म एका वर्षी आणि नोंद चार वर्षांनी, असे सर्रास घडे. त्यामुळे शोधाची मुदत ऐसपैस मागा.

कागदपत्रांत स्वतःचे ओळखपत्र आणि नात्याची साखळी जोडावी: तुमचा जन्मदाखला, वडिलांचा, जमल्यास आजोबांचा, कुणाचा मृत्यूदाखला. साखळी मध्ये तुटली तर लग्नाची नोंद ती जोडून देते, कारण तीत वधूवरांच्या आईवडिलांची नावे आणि राहण्याचे ठिकाण असते. अर्ज वारसाने केला तर प्रश्न कमी विचारले जातात.

एक गोष्ट ठासून सांगतो. छोटा उतारा, म्हणजे 'नार्रातिव्हा', घेऊन घरी परतू नका. 'तेओर' मागा, म्हणजे मूळ नोंदीची शब्दशः नक्कल. तीत बाळाचे आजी-आजोबाही सापडतात आणि पालकांपुढे दोन शब्द येतात: 'नातुराल' आणि 'मोरादोर'. पहिला सांगतो माणूस मूळचा कुठला, दुसरा सांगतो त्या वेळी राहायला कुठे. घाईत आपण दुसरा टिपतो आणि पहिला सोडून देतो, खरा धागा मात्र पहिल्यात असतो. 'मोरादोर' फोंड्याचा, 'नातुराल' पेडण्याचा निघाला, तर पुढचा अर्ज पेडण्यात.

गावांची स्पेलिंगे आधी पाठ करून जा. डिचोलीचे 'बिशोलिं', मडकईचे 'मार्काईं', कवळ्याचे 'केउला'. तालुक्यांच्या सीमाही बदलल्या आहेत. मुरगाव पूर्वी साष्टीत होता, धारबांदोडा तर अलीकडे सांग्यातून वेगळा झाला. जुनी वही जुन्या तालुक्याच्या नावाने असते.

जमीन आणि खरेदीखते

जमिनीचा एक-चौदाचा उतारा (हक्कनोंदीचा नमुना) ऑनलाइन दिसतो, पण त्यामागचे भूमापन १९६१ च्या मुक्तीनंतरचे आहे. तो आजोबांपर्यंत नेईल, पणजोबांपर्यंत क्वचितच. कब्जेदाराच्या रकान्याखाली कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना जरूर वाचा. आपले घर दुसऱ्याच्या भाटात (बागायती जमिनीत) असेल, तर नाव तिथेच लपलेले असते. मुंडकारांसाठी, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठी, १९७५ चा कायदा झाला. त्याखाली मामलेदाराकडे झालेल्या नोंदी, ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती अशा घराण्यांचा पत्ता सांगतात. अशा कुटुंबांचा इतिहास मिळत नाही असे म्हणणाऱ्यांनी या फायली उघडून पाहाव्यात.

मुक्तीपूर्व काळासाठी दोन गोष्टी मागायच्या: 'मात्रीज', म्हणजे करनोंद, आणि 'देस्क्रिसांव प्रेदियाल', म्हणजे मालमत्तेचे वर्णन. वर्णनात चतुःसीमा असते: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. ही शेजाऱ्यांची नावे आहेत.

सर्वांत श्रीमंत दस्तऐवज म्हणजे नोटरीकडची 'हाबिलितासांव', म्हणजे वारस ठरवणारा दस्त, आणि कोर्टातले 'इन्व्हेंतार', म्हणजे मृताच्या मालमत्तेच्या वाटणीचे प्रकरण. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत मुलींनाही वारसाहक्क होता आणि बायको संपत्तीची निम्मी धनीण होती. म्हणून वारसांच्या दस्तात लेकी, जावई आणि ते कुठे राहतात हे सगळे येते. वंशावळीत बाईला जागा नसते, इथे मात्र तिची सही किंवा अंगठा असतो. नोंदणी कायद्याच्या (१९०८) कलम ५७ प्रमाणे, पुस्तक १ (स्थावर मालमत्तेच्या दस्तांची वही) आणि त्याची अनुक्रमणिका शुल्क भरून कोणालाही पाहता येते. मृत्युपत्राच्या पुस्तकाला ही मोकळीक नाही.

देवस्थान आणि कोमुनिदाद

देवस्थानाच्या महाजनांची (वंशपरंपरागत सभासदांची) यादी १९३३ च्या माझानी, म्हणजे देवस्थान, नियमावलीनुसार ठेवली जाते. कोमुनिदाद म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था; तीत गावकरांची, म्हणजे सभासद घराण्यांची, नावे वांगडनिहाय (कुलशाखांनुसार) असतात. आपले घराणे गावकर असेल तर आपल्या विभागाच्या कोमुनिदाद प्रशासकाकडे अर्ज करावा, नाते सांगावे. कुलदैवताचे देऊळ आज जिथे आहे तिथलेच घराणे, असे मात्र धरू नका. मंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात देव स्थलांतरित झाले, भक्तही झाले. हा सुगावा आहे, पुरावा नव्हे.

कचेरीने हातच वर केले तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये आणि तीस दिवस. पण 'माझे घराणे शोधून द्या' असे लिहू नका. अमुक साल, अमुक गाव, अमुक प्रकारची नोंद, तिची प्रमाणित प्रत, असे मागा. शोध लागला नाही तर 'नोंद सापडली नाही' असे लेखी घ्या. पुढच्या कचेरीत तो कागद कामाला येतो.

काहींच्या वाट्याला पत्ताही उरलेला नाही. सांग्यातले कुर्डी, मोगूबाई कुर्डीकरांचे गाव, साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आणि लोक वाडे आणि वालकिणी येथे वसवले गेले. मे महिन्यात पाणी ओसरते, घरांचे चौथरे उघडे पडतात आणि सोमेश्वराच्या उत्सवाला जुने रहिवासी जमतात. तिथे गेलात तर आपल्या चौथऱ्याचा फोटो काढाच, पण उजव्या-डाव्या चौथऱ्यांवर कोण राहत होते तेही म्हाताऱ्यांकडून लिहून घ्या. तुमचे पणजोबा तुमच्या नोंदीत सापडले नाहीत, तर शेजाऱ्याच्या चतुःसीमेत सापडण्याची शक्यता आहे.