बिनकुलपाचं वायफाय : फुकट कुणाला, महाग कुणाला

जुळे सोलापुरातल्या कुठल्याही अपार्टमेंटमध्ये फोनवर वायफायची लिस्ट उघडा, नावांची रांग लागते आणि त्यात एखादं बिनकुलपाचं, म्हणजे पासवर्ड नसलेलं, दिसलं की पोरं लगेच चिकटतात. फुकट आहे की ओ, कुणाचं काय जातंय! जातंय ना, आणि बऱ्याचदा राउटरच्या मालकाचंच.

घरातले सगळे फोन, टीव्ही, लॅपटॉप बाहेर इंटरनेटवर जाताना राउटरचा एकच आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा पत्ता) घेऊन जातात, आत नक्की कोण बसलंय ते बाहेरून कळत नाही. मग तुमच्या नेटवरून कुणी धमकीचा मेल टाकला तर रेकॉर्डला नाव तुमचं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या थोडं आधी मीडियाला गेलेला मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून गेला होता आणि पोलिस आधी त्या घरमालकाकडेच पोचले.

आता जोडणाऱ्याचं बघू. उघड्या नेटवर्कमध्ये फोन ते राउटर हा टप्पा एन्क्रिप्ट नसतो, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवलेली नसते, आणि रेडिओलहरी काय भिंतीपाशी थांबत नाहीत. २०१० मध्ये फायरशीप नावाचं ब्राउझरचं एक एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) आलं, कॅफेत बसून शेजारच्याच्या फेसबुकमध्ये एका क्लिकवर घुसता यायचं, कारण तेव्हा बऱ्याच साइट फक्त लॉगिनपुरतं एन्क्रिप्शन करायच्या. आता जवळपास सगळीकडे एचटीटीपीएस, म्हणजे फक्त लॉगिनच नाही तर पूर्ण साइटचं एन्क्रिप्शन, आहे, त्यामुळे "बँकेचं ॲप उघडलं की पैसे गेले" हा व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड जरा अतीच आहे. कुठली साइट उघडली एवढं मात्र बऱ्याचदा दिसतं.

खरी भीती नकली नावाची. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत होम मैदानावर कुणी साधा हॉटस्पॉट चालू करून त्याला ओळखीच्या फ्री वायफायचं नाव दिलं, तर फोन गुमान जोडला जातो, उघडं नेटवर्क तो फक्त नावावरूनच ओळखतो ना. पुढं लॉगिनचं पान येतं, मोबाईल नंबर मागतं, तेवढं तर खरं पब्लिक वायफायही मागतं, म्हणून संशय येत नाही. पण कार्ड नंबर किंवा यूपीआय पिन मागितला, नाहीतर ब्राउझरनं सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) वॉर्निंग दिली, की तिथंच बंद करायचं.

आणि भिंतीवर पासवर्ड चिकटवलेली टपरी? तिथं डब्ल्यूपीए२ (पासवर्डवाल्या वायफायची एन्क्रिप्शनची पद्धत) असेल तर पासवर्ड माहीत असलेला माणूस, तुमचा फोन जोडला जाताना हवेतून जाणारी देवाणघेवाण पकडून, पुढचं सगळं उलगडू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये ती सोय बंद झाली.

राहिला कायदा. आयटी ॲक्ट २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्क वापरण्याबद्दलच आहे, आणि तेच लबाडीनं केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड. कुलूप नाही म्हणजे परवानगी आहे असं होत नाही. कुणी मुद्दाम अभ्यासाच्या पोरांसाठी उघडं ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते विचारल्याशिवाय कसं कळणार, दार वाजवायला काय लागतंय? आणि पोरांना द्यायचंच असेल तर बऱ्याच राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय) असतं, त्याला वेगळा पासवर्ड टाकून द्या.