पुढचा जॅक मुका का राहतो?

संगणकाचं कॅबिनेट नवं, मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) नवा. मागच्या हिरव्या जॅकमध्ये हेडफोन घातला की आवाज खणखणीत, पुढच्या जॅकमध्ये मात्र चिडीचूप. अशा वेळी जॅकला दोष देण्याआधी वीज बंद करून कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडा. मदरबोर्डच्या खालच्या कडेला, मागच्या जॅकांकडच्या कोपऱ्यात, दोन रांगांत उभ्या नऊ पिना दिसतील. शेजारी ‘एचडी ऑडिओ’, ‘एफ ऑडिओ’ किंवा ‘एएएफपी’ असं बारीक छापलेलं असतं. पुढच्या जॅकांची वायर इथे बसते.

जागा दहा, पण आठव्या जागेवर पिन मुद्दामच नसते. वायरच्या कनेक्टरमध्येही तेवढंच भोक बुजवलेलं असतं, त्यामुळे तो उलटा बसत नाही. यूएसबी २.० च्या हेडरलाही (बोर्डवरच्या पिनांच्या गटालाही) नऊच पिना, पण तिथे कोपऱ्यातली नववी नसते. हा फरक फार मोलाचा आहे, कारण त्या हेडरवर ५ व्होल्ट असतात. कनेक्टर दाबायला जोर लागतोय असं वाटलं, तर जागा चुकली आहे.

आता खरी गंमत. हेडफोन जोडल्याचं संगणकाला कळतं कसं? जॅकच्या आत इवलासा स्विच असतो. हेडफोनचं टोक आत सरकलं की तो जुळतो आणि सातव्या पिनेवरची तार दहाव्या पिनेला जोडली जाते; माइक असेल तर सहाव्या. त्या वाटेवर प्रत्येक जॅकसाठी वेगळा रोधक (रेझिस्टर) असतो: ३९.२, २०, १० किंवा ५.१ किलोओहम. प्रत्येक आधीच्याच्या साधारण निम्मा, म्हणून त्यांतून जाणारा प्रवाह १, २, ४, ८ या पटीत. तराजूत १, २, ४ आणि ८ किलोची मापं टाकली, तर एकूण वजनावरून कोणती मापं टाकलीत ते नेमकं सांगता येतं. ऑडिओ चिप एकाच तारेवरून चार जॅकांचा हिशेब असाच लावते. मला ही युक्ती विलक्षण देखणी वाटते.

ही पद्धत इंटेलच्या २००४ च्या एचडी ऑडिओ या मानकाची. त्याआधीच्या एसी ९७ या मानकामध्ये याच सहाव्या आणि दहाव्या पिनेवरून आवाज पुढच्या जॅकला वळसा घालून मागे परत यायचा. पुढे हेडफोन घातला की तो रस्ताच तुटायचा आणि मागचे स्पीकर गप्प व्हायचे. म्हणून वायरला दोन कनेक्टर असतील तर ‘एचडी ऑडिओ’ लिहिलेलाच लावा. दुसरा लावला तर चिपला जॅकची खबरच नीट मिळत नाही. कॅबिनेट जुनं असून फक्त एसी ९७ चा कनेक्टर असेल, तर ऑडिओ ड्रायव्हरमध्ये (आवाज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पुढच्या जॅकची ओळख बंद करण्याची सोय बहुधा असते.

वायर कशी नेता यालाही महत्त्व आहे. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, अगदी नाजूक. ग्राफिक्स कार्डाला किंवा पंख्याच्या तारांना चिकटून वायर गेली, तर घूंऽऽ असा आवाज मिसळू शकतो. ती बोर्डच्या कडेकडेने, बोर्ड ज्यावर बसवलाय त्या पत्र्याच्या मागून फिरवून आणा.