गाडी बोलावण्याआधी एवढं वाचा
(इचलकरंजीहून भिवंडीला कापड पाठवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"हॉल्टिंग कशाचं लावलंय?" गेल्या हंगामात जवळजवळ प्रत्येक बिलामागे हा फोन आला. हॉल्टिंग म्हणजे भरताना किंवा उतरवताना गाडी अडकून राहिली तर लागणारा आकार. प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच नीट लिहून देतो.

आमच्या सहा चाकी दोन गाड्या आहेत, म्हणून एक गाडी अडकली की आमचा निम्मा धंदा थांबतो. आणि गाडी अडकते ती बहुतेक वेळा एकाच वाक्यामुळे. "माल तयार आहे, गाडी लावा."

तुमच्या लेखी कापड मागावरून उतरलं की माल तयार. आम्हाला तयार म्हणजे फोल्डिंग झालेलं, गाठी शिवून त्यांवर मार्का आणि नंबर पडलेला, बिल फाडलेलं आणि हमाल दारात उभे. या दोन्हींत तीन-चार तासांचं अंतर असतं. "गाडी येईपर्यंत होऊन जाईल" असं मनापासून वाटतं, पण मध्येच वीज जाते, नाहीतर बिल करणारा मुलगा जेवायला गेलेला असतो.

तीन तासांनी काय बिघडतं, असं विचाराल. भिवंडी इथून 400 किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळी सहाला सुटलेली गाडी पुणे ओलांडून, कळंबोली, मुंब्रा बायपास करत पहाटे पाचच्या आत गोदामाच्या रांगेत लागते. नऊला सुटली तर कळंबोलीलाच उजाडतं. ठाणे-भिवंडी पट्ट्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, म्हणजे दुपारी ती उठेपर्यंत गाडी रस्त्याकडेला उभी. गोदामावर पोचेपर्यंत पुढे पाच-सहा गाड्या लागलेल्या, आणि माथाडींची टोळी संध्याकाळी काम बंद करते. माल उतरतो दुसऱ्या दिवशी सकाळी. इथले तीन तास तिथे पूर्ण एक दिवस होतात.

पुढचं नुकसान तुमच्या बिलात दिसत नाही, आमच्या वहीत दिसतं. भिवंडीतून परतीचा माल आम्ही आदल्या दिवशीच ठरवून ठेवतो. गाडी वेळेत खाली झाली नाही की दलाल तो माल दुसऱ्याच्या गाडीत भरतो, त्यात त्याची चूक नाही. मग एक तर आणखी एक दिवस थांबायचं, नाहीतर रिकामं यायचं. भरलेली गाडी लिटरला पाच किलोमीटर देते, म्हणजे जातानाच 80 लिटर डिझेल. 90 रुपयांनी धरलं तरी 7,200. येताना डिझेल थोडं कमी जळतं, पण टोल रिकाम्या गाडीलाही तेवढाच. इचलकरंजी-भिवंडीच्या एकेरी भाड्यात दोन्ही बाजूंचा खर्च निघत नाही. छोट्या गाडीमालकाचं घर परतीच्या भाड्यावर चालतं.

म्हणून आमची पद्धत अशी आहे. गाडी दारात लागल्यापासून भरायला चार तास मोकळे, भिवंडीत उतरवायलाही तेवढेच. त्यापुढे दिवसाला 2,000 रुपये हॉल्टिंग. यात नफा नाही, हप्ता, विमा आणि दोन माणसांचा भत्ता एवढंच त्यातून भागतं. पाऊस, बंद रस्ता किंवा आमच्या गाडीची दुरुस्ती यामुळे उशीर झाला तर एक रुपयाही लावत नाही, आणि आजवर लावलेला नाही.

"उशीर झाला तर जरा दामटून न्या" असंही सांगितलं जातं. ते आम्ही करणार नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाड्यांचे ब्रेक तिथे लागले नाहीत, आणि पुढच्या गाड्यांतली माणसं गेली. आमच्या रात्रीच्या फेरीला दोन चालक असतात, आलटून पालटून चालवतात, आणि तो उतार खालच्या गिअरमध्येच उतरतात.

ई-वे बिलाचंही (माल रस्त्यावरून नेताना जीएसटीच्या पोर्टलवर काढायचं बिल) यातच येतं. राज्यांतर्गत मालाला 1 लाखाच्या वर आणि परराज्यात 50,000 च्या वर ते लागतं, हे तुम्हाला माहीत आहेच. चूक होते ती भाग ब मध्ये, म्हणजे गाडीचा नंबर टाकतात तिथे. गाडी यायच्या आधीच घाईने मागच्या फेरीचा नंबर टाकला जातो. भाग ब भरला की बिलाची मुदत चालू होते, 200 किलोमीटरला एक दिवस, मग गाठी शिवायच्या का राहिल्या असेनात. गाडीचा नंबर नंतर बदलता येतो, पण भाग अ मधली, म्हणजे मालाच्या तपशिलातली चूक दुरुस्त होत नाही. ई-वे बिल रद्द करून नवं काढावं लागतं, आणि रद्द करायला 24 तासच असतात. तेव्हा शेवटची गाठ चढली की आमच्या चालकाकडून नंबर घ्या आणि मगच भाग ब भरा. दोन मिनिटांचं काम आहे. रात्री बिल करणारं कुणी थांबणार नसेल तर आम्हाला सांगा, भाग ब आम्ही भरतो, त्याचे पैसे नाहीत.

"अजून चार गाठी बसतील की." जागा असते, वजन नसतं. आरसी बुकावर गाडी आणि माल मिळून एकूण साडेअठरा टन आहे. जास्त भरलं तर कायद्यात 20,000 दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000, शिवाय जादा माल रस्त्यातच उतरवायचा.

भाड्याचे निम्मे पैसे गाडी सुटताना लागतात, कारण डिझेल उधार मिळत नाही. उरलेले पोच पावती हातात आल्यावर आठ दिवसांत द्या.

मोठ्या ट्रान्सपोर्टपेक्षा आमचा दर फेरीमागे थोडा जास्त वाटेल. तुमच्या दारात भरलेली गाठ वाटेत कुठल्याही गोदामात न उतरता त्याच गाडीतून भिवंडीत उतरते, पावसाळ्यात दुहेरी ताडपत्री असते, आणि भरताना, उतरवताना गाठींचे फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. गाठ भिजली किंवा कमी भरली म्हणून वाद झाला तर ते फोटो तुमच्याच कामाला येतात.

गाडी हवी असेल तर आदल्या संध्याकाळी फोन करा. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला आम्ही उलट फोन करून एवढंच विचारू, किती गाठी शिवून झाल्या? खरा आकडा सांगा. निम्म्याच झाल्या असतील तरी सांगा. गाडी उशिरा लावू, नाहीतर दुसऱ्या दिवशी लावू, त्याचं हॉल्टिंग लागत नाही.