तेविसाव्या क्रमांकावर कोण?

२४ एप्रिल २०२५ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ग्रीन बे नावाच्या लहानशा शहरात, अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची पाळीपाळीने होणारी निवड, सुरू झाला. घरचा संघ ग्रीन बे पॅकर्स, आणि त्यांची पाळी तेविसावी. पॅकर्सच्या चाहत्यांना एक गोष्ट तोंडपाठ होती: आपला संघ पहिल्या फेरीत रिसीव्हर घेत नाही. रिसीव्हर म्हणजे धावत पुढे जाऊन क्वार्टरबॅकने, म्हणजे संघाची चढाई चालवणाऱ्या मुख्य खेळाडूने, फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू. २००२ मध्ये पॅकर्सनी जव्हॉन वॉकर हा रिसीव्हर पहिल्या फेरीत घेतला होता. त्यानंतरच्या २२ ड्राफ्टमध्ये असं एकदाही घडलं नव्हतं. आणि मग तेविसाव्या क्रमांकाचं नाव पुकारलं गेलं: मॅथ्यू गोल्डन, टेक्सास विद्यापीठ, रिसीव्हर.

नियम मोडला असं सगळे म्हणाले. मला त्याच्या आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. तो नियम मुळात होता का?

ड्राफ्ट म्हणजे काय ते आधी थोडक्यात. आयपीएलच्या लिलावात ज्याच्या खिशात पैसा आहे तो संघ कोणत्याही खेळाडूवर बोली लावू शकतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेला संघ पहिला, विजेता शेवटचा. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि कॉलेजांतून आलेले अडीचशेच्या आसपास खेळाडू. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची ही कल्पना. श्रीमंत संघांनीच सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत, हा तिच्यामागचा हेतू. पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये झाला. त्यात सर्वांत आधी निवडला गेलेला जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही, म्हणजे अंदाज चुकण्याची परंपरा अगदी पहिल्या नावापासूनची आहे. संघ आपल्या पाळ्या एकमेकांशी अदलाबदलही करतात. अंदाज बांधणाऱ्याची खरी अडचण तिथून सुरू होते.

आता त्या नियमाकडे. समजा दर वर्षी पहिल्या फेरीतल्या ३२ खेळाडूंपैकी चार रिसीव्हर असतात, आणि प्रत्येक संघाला वर्षाला एक पाळी मिळते. समजा कोणत्याही संघाचं रिसीव्हरशी काही वाकडं नाही. मग एखाद्या संघाने एका वर्षी रिसीव्हर न घेण्याची शक्यता ८७.५ टक्के. सलग २२ वर्षं न घेण्याची शक्यता काढायला ०.८७५ ला स्वतःशीच २२ वेळा गुणायचं. उत्तर येतं सुमारे ०.०५, म्हणजे पाच टक्के. एवढंच ऐकलं तर वाटेल, इतकी दुर्मीळ गोष्ट योगायोगाने घडणार नाही, पॅकर्सचं हे धोरणच असलं पाहिजे.

पण संघ ३२ आहेत. ३२ ला पाच टक्क्यांनी गुणलं की दीडपेक्षा थोडं जास्त येतं. म्हणजे सगळे संघ निव्वळ नाणी उडवून निवड करत असते, तरी २२ वर्षांत एक-दोन संघांच्या नावावर ‘हे रिसीव्हर घेत नाहीत’ अशी ख्याती जमा झालीच असती. शिवाय रिसीव्हर ही एकच जागा नाही. कोणता संघ टाइट एंड घेत नाही, कोणता संघ लाइनबॅकर घेत नाही, असे डझनभर नमुने शोधता येतात. पुष्कळ ठिकाणी शोधलं की कुठे ना कुठे काहीतरी विलक्षण सापडतंच. संख्याशास्त्रातला हा फार जुना सापळा आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांत आणि कणभौतिकीच्या प्रयोगांत त्यापासून जपण्यासाठी वेगळे हिशेब करावे लागतात. खेळाच्या चर्चेत तो हिशेब सहसा कोणी करत नाही.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? त्या आकड्यामागे एखादी यंत्रणा दिसते का, हे पाहायचं. त्या काळात पॅकर्समध्ये निवडीचा निर्णय घेणारी माणसं दोनदा बदलली: माइक शर्मन, मग टेड थॉम्पसन, मग २०१८ पासून ब्रायन गुटेकन्स्ट. तीन वेगळ्या माणसांनी एकच न लिहिलेला नियम पाळला असेल हे जरा अवघड वाटतं. दुसऱ्या बाजूला, याच संघाने दुसऱ्या फेरीत ग्रेग जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब आणि डेव्हँटे ॲडम्स असे एकाहून एक रिसीव्हर उचलले. दुसऱ्या फेरीत असे खेळाडू मिळत असतील, तर पहिल्या फेरीची महाग पाळी दुसऱ्या जागेसाठी वापरणं शहाणपणाचं. हे कारण पटण्यासारखं आहे. पण ते ‘कधीच नाही’ असं सांगत नाही. चांगला रिसीव्हर हाताशी आला आणि गरज असली तर हा संघही घेईल, असंच ते सांगतं. २२ वर्षांच्या रेषेवरून गोल्डनला शून्य टक्के देणारा म्हणूनच चुकला, आणि तो त्या रात्री दुर्दैवी ठरला असं म्हणता येणार नाही. त्याचा हिशेबच आधीपासून चुकीचा होता.

इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. कोणता खेळाडू पुढे चांगला निघेल, हा एक. कोणता संघ कोणाला घेईल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर खुद्द संघांनाही नीट देता येत नाही. दर वर्षी इंडियानापोलिसला ‘कम्बाइन’ नावाची चाचणी-शाळा भरते. तिथे खेळाडूंना चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, पळवतात, उड्या मारायला लावतात, १०२ किलोंचं वजन जमेल तितक्या वेळा उचलायला लावतात. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला ते अंतर पळायला ५.२८ सेकंद लागले होते. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये तो सहाव्या फेरीत १९९ वा निवडला गेला आणि पुढे सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकला.

ब्रेडीची गोष्ट सांगून लोक लगेच म्हणतात, या चाचण्या निरुपयोगी आहेत. हा निष्कर्ष घाईचा आहे. व्यावसायिक संघांत पोहोचलेले लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेत धक्काबुक्की करणारे धिप्पाड खेळाडू, घेतले, तर त्यांचं वजन आणि त्यांचं यश यांचा फारसा संबंध दिसणार नाही. कारण तिथे ८० किलोंचा लाइनमन उरलेलाच नसतो, तो खूप आधी गळालेला असतो. गाळून उरलेल्यांतच मोजणी केली की चाळणीचा उपयोग दिसत नाही. उशिरा निवडलेल्या क्वार्टरबॅकांचंही तसंच. त्यांतले जे खराब असतात त्यांना मैदानावर उतरवतच नाहीत, म्हणून त्यांचा खेळ आकड्यांत येतच नाही. खेळायला मिळालेल्या मोजक्यांची सरासरी मात्र छान दिसते.

तरीही संघांचा आत्मविश्वास त्यांच्या ज्ञानापेक्षा मोठा आहे, याचा पुरावा भक्कम आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी ड्राफ्टच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. एकाच जागेचे लागोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घ्या. आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता ५० टक्क्यांहून थोडीच जास्त भरली. आणि तरी ‘मला हाच हवा’ म्हणून वर सरकण्यासाठी संघ भारी किंमत मोजत होते. दिलेल्या पगाराच्या तुलनेत सर्वांत जास्त मोल त्यांना दुसऱ्या फेरीच्या आसपासच्या पाळ्यांत आढळलं. तो काळ जुन्या पगारपद्धतीचा होता. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांसाठी सुमारे ७.८ कोटी डॉलरचा होता. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या नव्या करारनाम्यानंतर त्याच क्रमांकावरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २.२ कोटी मिळाले. आजच्या पाळ्यांचं मोल त्यामुळे वेगळं आहे, पण माणसांचा अतिआत्मविश्वास करारनाम्याने कमी होत नाही.

दुसरा प्रश्न, कोण कोणाला घेईल, हा खरं तर त्या ३२ कचेऱ्यांतल्या माणसांच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज आहे. म्हणून त्याची साधनंही वेगळी. संघाच्या कोणत्या जागा रिकाम्या आहेत? कोणाचा करार संपतोय? प्रत्येक संघाला ड्राफ्टआधी ३० खेळाडूंना आपल्या मुख्यालयात बोलावता येतं, ते कोण होते? आणि इतरांनी काय भाकीत केलंय? ‘मॉक ड्राफ्ट’ नावाची अशी लुटुपुटीची निवड दर वसंतात शेकडो जण मांडतात. एकेकट्याचा मॉक ड्राफ्ट फार काही सांगत नाही. पण शेकडो एकत्र केले की प्रत्येक खेळाडूचा अपेक्षित क्रमांक आणि त्याभोवतीचा पसारा मिळतो. कोण साधारण कितव्या क्रमांकावर जाईल हे त्यावरून बरंच कळतं, कोणाकडे जाईल हे मात्र कमी.

या सरासरीत एक खोट आहे. अंदाज एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच चुका एकमेकींना खोडतात. मॉक ड्राफ्ट मांडणारे एकमेकांचं वाचतात, त्याच एजंटांशी बोलतात, आणि संघ मुद्दाम पेरलेल्या अफवा सगळ्यांपर्यंत सारख्याच पोहोचतात. २०२५ मध्येच कोलोरॅडोचा क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स पहिल्या फेरीत जाईल असं बहुतेकांनी लिहिलं होतं. तो पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर क्लीव्हलँड ब्राउन्सकडे गेला. त्याच ब्राउन्सनी तिसऱ्या फेरीत दुसरा एक क्वार्टरबॅक आधीच घेतला होता. शंभर मतं होती, पण त्यांच्या तळाशी माहिती एकच होती.

असं घसरणं दिसतं तितकं अद्भुत नसतं, आणि याचं सर्वांत चांगलं उदाहरण पुन्हा पॅकर्सचंच आहे. २००५ मध्ये क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स पहिल्याच क्रमांकावर जाईल अशी चर्चा होती. सॅन फ्रान्सिस्कोने त्याऐवजी ॲलेक्स स्मिथ घेतला. त्यानंतरच्या २२ निवडींत कोणीही क्वार्टरबॅक घेतला नाही, आणि रॉजर्स चोविसाव्या क्रमांकावर ग्रीन बेला मिळाला. टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर ताटकळलेला तो तरुण पाहून लोकांना काहीतरी अघटित घडतंय असं वाटलं. हिशेब पाहा. प्रत्येक निवडीला त्याला घेतलं जाण्याची शक्यता दहा टक्के धरली, तर २२ निवडींनंतरही तो शिल्लक राहण्याची शक्यता साधारण दहा टक्के. पण बहुतेक संघांकडे आपला क्वार्टरबॅक ठरलेला असतो. शक्यता पाचच टक्के धरली तर तीच संख्या ३२ टक्क्यांवर जाते. पहिला संघ नाही म्हणाला की पुढे गरजू संघच नसतो, आणि खेळाडू खूप खाली घरंगळतो. त्याच्या गुणांविषयी नवं काही कळलेलं नसतं.

२०२० मध्ये हाच हिशेब पॅकर्सनी उलट्या बाजूने केला असावा. त्यांची पाळी तिसावी होती, आणि डोळ्यांसमोर होता क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह. मधल्या चार निवडींत प्रत्येकी १५ टक्के धोका धरला, तर तो तिसाव्या क्रमांकापर्यंत टिकण्याची शक्यता ५२ टक्के. पॅकर्सनी चौथ्या फेरीतली एक पाळी देऊन सव्विसावा क्रमांक मिळवला आणि त्याला घेतलं. रॉजर्स तेव्हा संघात होता आणि पुढची दोन्ही वर्षं तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघाच्या आजच्या गरजा मोजणाऱ्या कोणत्याही पद्धतीने ही निवड सांगितली नसती. तीन-चार वर्षांनंतरची गरज मोजणाऱ्याने कदाचित सांगितली असती.

म्हणून पूर्ण पहिली फेरी अचूक सांगण्याची अपेक्षाच चुकीची आहे. प्रत्येक निवड सांगण्यात तुम्ही ७० टक्के वेळा बरोबर असलात, तरी ३२ च्या ३२ बरोबर येण्याची संधी सुमारे ९० हजारांत एक. आणि एक निवड चुकली की पुढच्या साऱ्यांचा पाया हलतो.

मग चांगलं भाकीत कसं दिसावं? तेविसाव्या क्रमांकासाठी पाच नावं, एकाला १५ टक्के, उरलेल्या चौघांना, त्यात गोल्डनही, प्रत्येकी दहा, आणि ‘बाकी कोणीही’ या ओळीला ४५. ही शेवटची ओळ वृत्तवाहिन्यांवर कधीच दिसत नाही, आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक ओळ तीच. अशा भाकितांना गुण देण्याची पद्धत हवामानशास्त्रातून आली. ग्लेन ब्रायर यांनी ती १९५० मध्ये मांडली: दिलेली शक्यता आणि प्रत्यक्षात घडलेलं यांतल्या फरकाचा वर्ग करायचा, सगळ्या ओळींची बेरीज घ्यायची, बेरीज जितकी कमी तितकं भाकीत चांगलं. गोल्डन निवडला गेल्यावर वरच्या यादीला सुमारे १.०७ दंड बसतो. भलत्याच एका नावावर शंभर टक्के लावून बसलेल्याला २. तो एकनावी तज्ज्ञ बरोबर ठरला तर त्याला शून्य दंड, हे खरं. पण दीर्घकाळात या पसरट यादीला हरवायचं तर (यादीतल्या शक्यता खऱ्या धरल्या तर) त्याला ६३ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर यावं लागेल. पहिल्या क्रमांकासाठी ही अट काही वर्षी सहज पुरी होते. कॅम वॉर्ड टेनेसी टायटन्सकडे जाणार हे २०२५ मध्ये जवळजवळ सगळ्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. खालच्या क्रमांकांसाठी, आधीच्या प्रत्येक संघाची अनिश्चितता डोक्यावर घेऊन, ती पुरी करणं जवळपास अशक्य आहे.