कार्व्हर यांच्या कथांवर चाललेली कात्री

अमेरिकी कथाकार रेमंड कार्व्हर यांचं नाव निघालं की पाठोपाठ ‘मिनिमलिझम’, म्हणजे कमीत कमी शब्दांत लिहिण्याची शैली, हा शब्द येतोच. कार्व्हर यांना तो आवडत नसे. त्यात दृष्टी तोकडी असल्याचा सूर आहे, असं त्यांना वाटे. ज्या पुस्तकामुळे हा शब्द त्यांना कायमचा चिकटला, ते त्याच रूपात निघू नये म्हणून त्यांनीच विनवणी केली होती.

ओरेगॉनमधला १९३८ चा जन्म, लाकूडगिरणीत काम करणारे वडील, विशीच्या आत लग्न, पाठोपाठ दोन मुलं, सॅक्रामेंटोच्या एका रुग्णालयात रात्रपाळीची झाडलोट, मग दारू, हे सारं बहुतेकांना ठाऊक आहे. त्यातली एक गोष्ट मात्र पुढच्या वादासाठी महत्त्वाची आहे. कॅलिफोर्नियातल्या चिको इथे त्यांना लेखन शिकवणाऱ्या तरुण शिक्षकाने लिहायला निवांत जागा मिळावी म्हणून आपल्या खोलीची किल्ली त्यांना दिली होती. हे शिक्षक विद्यार्थ्याच्या कथेतले काही शब्द सरळ खोडत, त्यावर चर्चा नसे. काहींभोवती मात्र नुसता कंस करत, आणि ते ठेवायचे की काढायचे हे समोरासमोर बसून ठरे.

२ जून १९७७ ला दारू सुटली. १९८० मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली. त्याच वर्षी नव्या कथासंग्रहाचं हस्तलिखित संपादकाच्या हाती गेलं. हे संपादक जुने स्नेही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कार्व्हर यांना मोठ्या खपाच्या मासिकात त्यांनीच आणलं होतं. हस्तलिखित परत आलं तेव्हा निम्म्याहून अधिक मजकूर गेला होता, कथांची नावं बदलली होती, शेवट बदलले होते.

८ जुलै १९८० च्या सकाळी, रात्रभर जागून, कार्व्हर यांनी संपादकाला पत्र लिहिलं. छपाई थांबवा, अशी विनंती होती. या कथा मूळ रूपात मित्रांनी वाचल्या आहेत, त्यांना काय सांगू? शिवाय जेमतेम सावरलेलं मन पुन्हा ढासळेल, अशी उघड भीती. दोनच दिवसांनी सूर मवाळ झाला, आणि १९८१ मध्ये पुस्तक संपादकाच्या रूपातच निघालं. खूप गाजलं. त्यांनी माघार का घेतली यावर आजही तट पडतात. मला तरी ती उपकाराखाली दबलेल्या माणसाची माघार दिसते.

कात्रीने काय नेलं हे एका कथेत स्वच्छ दिसतं. मुलाच्या वाढदिवसासाठी आई केकची ऑर्डर देते. वाढदिवसाच्याच दिवशी मुलाला गाडीची धडक बसते. केक न्यायला कोणी येत नाही म्हणून बेकरीवाला चिडून घरी फोन करत राहतो. छापील ‘द बाथ’ फोनवरच थांबते; मुलाचं काय झालं तेही कळत नाही. कार्व्हर यांच्या कथेत मूल जातं, आईबाप संतापून रात्री बेकरीत पोचतात, आणि तो बेकरीवाला त्यांना बसवून गरम पाव खाऊ घालतो. पहाट होईपर्यंत तिघं बोलत राहतात. हे दहा-बारा वाक्यांचं जास्तीचं सामान नव्हतं, कथेचा प्राणच होता. १९८३ च्या ‘कथीड्रल’ या संग्रहात ती ‘अ स्मॉल, गुड थिंग’ या नावाने, या शेवटासह आली आणि त्या वर्षीच्या ओ. हेन्री या कथा-पुरस्कारांत पहिली ठरली.

त्याच वर्षी पाच वर्षांसाठी दरसाल ३५,००० डॉलरची लेखनवृत्ती मिळाली. अट एकच, दुसरी नोकरी नको. प्राध्यापकी सुटली. २ ऑगस्ट १९८८ ला पन्नासाव्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने ते गेले.

कापलेल्या पानांची चर्चा जाहीरपणे पेटली ती १९९८ मध्ये, संपादकाची कागदपत्रं एका ग्रंथालयात वाचून लिहिलेल्या लेखाने. मूळ हस्तलिखित ‘बिगिनर्स’ २००९ मध्ये छापून आलं. संपादकाची बाजू घेणारे एका गोष्टीवर बोट ठेवतात, आणि ती खरी आहे: १९८८ च्या निवडक संग्रहात कार्व्हर यांनी काही कथा आपल्या लांब रूपात घेतल्या, पण १९८१ च्या संग्रहाची शीर्षककथा कापलेल्या रूपातच ठेवली. कंसातले शब्द ठेवायचे की काढायचे, हे त्या वेळी त्यांनी स्वतः ठरवलं होतं.