‘ळ’ फक्त मराठीचाच?

‘ळ हे अक्षर जगात फक्त मराठीत आहे’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यामागचं प्रेम मला कळतं, कारण ‘आभाळ’, ‘सावळा’, ‘जिव्हाळा’ हे शब्द ‘ळ’शिवाय उच्चारून पाहावेसेही वाटत नाहीत.

पण ‘ळ’ला भावंडं पुष्कळ आहेत. हा समज बहुधा हिंदीशी तुलना करताना झाला असावा. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही, म्हणून तो इतर कुठेच नसेल असं वाटतं. दक्षिणेकडे गेलात तर स्टेशनच्या पाट्या बघा. ‘बेंगळूरु’, ‘मंगळूरु’ कन्नडमध्ये ‘ळ’नेच लिहितात, आणि ‘केरळ’ मल्याळममध्ये. तमिळ, तेलुगूतही त्यासाठी स्वतंत्र अक्षर आहे. गुजराती शेजाऱ्यांना ‘फळ’ म्हणायला सांगा, अगदी आपल्यासारखंच ऐकू येईल. ओडियातही ‘ळ’ आहे. कोकणी तर घरचीच.

जुन्या ग्रंथांत शोधायचं तर ऋग्वेदाचं पहिलंच पान उघडा : ‘अग्निमीळे पुरोहितम्’. दुसऱ्याच शब्दात ‘ळ’ भेटतो! पुढच्या संस्कृतात मात्र तिथे ‘ईडे’ असा ‘ड’ दिसतो.

म्हणजे मराठीने ‘ळ’ निर्माण केला नाही, जपला. मला तर हे अधिक आवडतं.